‘ज्ञ’ कुठे शोधायचा?

दिवाळीची सुटी संपली की लातूरच्या रेल्वे स्टेशनावर जी गर्दी उसळते, ती पाहिली म्हणजे आपल्या भागाचे निम्मे अर्थशास्त्र कळते. नांदेडहून पनवेलला जाणारी गाडी रात्री येते आणि एका हातात फराळाचा डबा, पाठीवर लॅपटॉप अशी पोरे तिच्यात शिरतात. यंदा मी पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. तिथे एक जुना विद्यार्थी भेटला. लातुरात माझ्याकडे बीएस्सी, पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एमएस्सी, आणि आता पुण्यात एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो.

डेटाबेस म्हणजे काय, असे घरातल्या आजीने विचारले तर सांगावे, तलाठ्याचे दप्तरच, फक्त त्यात हवे ते पान क्षणात निघते आणि हजार माणसे एकाच वेळी ते उघडू शकतात. हे दप्तर जपणारा तो डेटाबेसवाला.

पगार बरा, पण पोराचा चेहरा उतरलेला होता. रोजची नक्कल काढून ठेवणे, दुरुस्त्या चढवणे, जागा वाढवणे ही त्याची कामे आता मोठ्या क्लाउड कंपन्यांची यंत्रेच आपोआप करतात. “सर, अजून एक सर्टिफिकेट करू का?” त्याने विचारले. गाडीला अवकाश होता. मी म्हटले, आधी घरचे सांग.

घरचे सांगताना तो चिडला. एका योजनेच्या यादीत वडिलांचे नाव नाही म्हणून त्यांना कार्यालयातून दोनदा परत पाठवले होते. वडिलांचे नाव ‘ज्ञ’पासून सुरू होते. छापील यादी बाराखडीप्रमाणे लावलेली, म्हणून कारकुनाने शेवटची पाने चाळली आणि मान हलवली. पोराने सुटीत तीच यादी पाहिली, तर नाव होते ‘ज’च्या शेवटी, ‘झ’च्या आधी! संगणकाला ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांचे जोडाक्षर. मराठीचा क्रम वेगळा सांगितला नाही, तर तो त्याला ‘ज’मध्येच बसवतो, ‘क्ष’ला ‘क’मध्ये घालतो आणि ‘ळ’ला ‘ह’नंतर न ठेवता ‘ल’च्या शेजारी ठेवतो. मराठीचा योग्य क्रम उपलब्ध आहे. तो निवडायचे फक्त कुणाला सुचले नव्हते. कारकुनाचाही दोष म्हणवत नाही, तो शाळेत शिकला तसेच शोधत होता.

मी त्याला म्हटले, तुझे पुढचे शिक्षण हेच. नकला काढणारे यंत्र मिळेल, पण ‘ज्ञ’ कुठे शोधतात हे ठाऊक असलेला माणूस यंत्राबरोबर फुकट येत नाही.

मराठवाड्यात तर हे फारच खरे. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. जुनी दप्तरे उर्दूत, काही मोडीत, पुढची मराठीत. एकरातून हेक्टरात येताना, हातातल्या वहीतून पडद्यावर येताना प्रत्येक पायरीवर नावे घसरली. सातबारा संगणकावर आला तेव्हा 2017 च्या उन्हाळ्यात सरकारने गावोगाव चावडी वाचन केले: उतारे मोठ्याने वाचायचे आणि चूक असेल तर शेतकऱ्याने सांगायचे. मला विचाराल तर, डेटाबेसची इतकी खरी परीक्षा कुठल्या कंपनीत होत नसेल. क्षेत्रात आराचा फरक पडला तर बांधावर बसलेला म्हातारा लगेच ओळखतो. 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, त्याच्यामागे या ओरडून केलेल्या दुरुस्त्याही आहेत.

आपल्या ‘लातूर पॅटर्न’ने मुलांना गुण मिळवून दिले, नांदेडला 1981 साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले, 1994 साली विद्यापीठ. पोरे शिकली आणि गेली. ती जाणारच, इथे तेवढ्या नोकऱ्या नाहीत. पण गेलेला माणूस तुटलाच पाहिजे असे नाही. पोस्टग्रेस नावाचा मोफत डेटाबेस बघा. 1986 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले, आणि पुढे 1996 पासून जगभरची माणसे तो एकमेकांच्या चुका दाखवत, प्रश्नांना उत्तरे देत वाढवत आली आहेत. त्यात अनेकजण पगारीही असतात, हे कबूल. तिथे नाव होते ते उत्तरे देणाऱ्याचे, नुसत्या सर्टिफिकेटचे नव्हे.

मग तो म्हणाला, “गावात येऊन मी सरकारी यादी दुरुस्त करू?” मुळीच नाही. लोकांची माहिती परक्याने हाताळू नये, 2023 चा माहिती संरक्षणाचा कायदाही तेच बजावतो. पण सेतू केंद्रात कंत्राटावर राबणाऱ्या पोरीला मराठीचा क्रम कसा लावायचा हे तू तासाभरात शिकवू शकतोस. ती मुलगीही उद्या डेटाबेसवालीच व्हायची आहे, आणि तिला विचारायला कुणी नाही. मागे आमच्याच कॉलेजात मी अशा मुलांसाठी रविवारचा वर्ग काढला होता. चार महिन्यांत बंद पडला, कारण शिकवायला मी एकटा होतो आणि माझे ज्ञान जुने झाले होते.

गाडी आली. डब्याच्या दारातून त्याने विचारले, “कॉलेजातली ती खोली अजून मिळेल का?” किल्ली शिपायाकडे असते, मी सांगितले. गुढीपाडव्याला तो चार दिवस येणार आहे.