गाडी तो चालवतो, मुलं कोण सांभाळतं?

मे महिना किंवा गणपती जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक लेख हमखास येतो: लांबच्या प्रवासात मुलांना कसे रमवाल? खाऊचे वेगवेगळे डबे करा, रंगाचे खडू घ्या, गोष्टी तयार ठेवा. हे सगळे सांगितलेले असते ते आईला. वडिलांसाठी वेगळी चौकट असते: टायरमधली हवा तपासा, रात्री पुरेशी झोप घ्या.

मुंबईहून सावंतवाडीला गाडीने जायचे तर गर्दीच्या दिवसांत दहा-बारा तास लागतात. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण तेवढा वेळ गाडीच्या मागच्या सीटवर चालणाऱ्या कामावर कोणी लिहीत नाही. धाकट्याची उलटी पिशवीत धरायची, थोरलीची कंटाळ्याची कुरकुर ऐकायची, खिडकीवरून जुंपलेले भांडण सोडवायचे, आणि हे सारे हळू आवाजात, कारण ‘बाबा गाडी चालवतायत ना!’ मुक्कामी पोहोचल्यावर घरची माणसे म्हणतात, “तो दमला असेल, त्याला आधी चहा द्या.” चहा करायला उठते ती मागच्या सीटवरची बाई. ती तर नुसती बसूनच आली!

गाडी चालवणे हे काम आहे, जोखमीचे आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या कामाला कामच न म्हणण्याबद्दल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांचे संगोपन-शुश्रूषा करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला १४० मिनिटे घालवतात, पुरुष ७४. सुटीवर निघालो म्हणून ही विभागणी घरी राहत नाही, ती आपल्याबरोबर गाडीत बसते.

काही मैत्रिणी म्हणतील, गाडीवाल्या घरांचा हा प्रश्न आपण कशाला घ्यायचा? आपल्या बहुतेक बाया एसटीने जातात. खरे आहे. पण एसटीतही पोर कोणाच्या मांडीवर असते? २०२३ च्या मार्चपासून एसटीत बाईला निम्मे तिकीट झाले, मांडीवरचे ओझे मात्र निम्मे झाले नाही. वाहन बदलते, श्रमविभागणी तीच राहते.

मुलांच्या हाती मोबाइल दिला की दोष पुन्हा आईलाच. दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला तासाभराहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. सल्ला रास्त आहे. शिवाय चालत्या गाडीत पडद्यावर नजर खिळली की डोळे आणि आतला कान यांचा मेळ बसत नाही आणि मळमळते. पण एकटीने दहा तास रमवायचे, मोबाइलही द्यायचा नाही आणि उलटीही आपणच पुसायची, हा हिशेब कोणी मांडला?

आणखी एक गोष्ट मुली या प्रवासात शिकतात. मुलाला लागली की गाडी बाजूला घेऊन त्याला रस्त्याकडेला उभे करतात. मुलीला सांगतात, “पाणी कमी पी.” आईसुद्धा सकाळपासून तेच करत असते. मुलांना दर दोन तासांनी उतरवावे, पळू द्यावे, हा त्यांना रमवण्याचा सर्वात साधा उपाय. पण कुठे थांबायचे ते स्टिअरिंगवरचा माणूस ठरवतो, आणि त्याला ‘वेळ काढायचा’ असतो. स्वच्छतागृह पाहून थांबे आधीच ठरवले, तर मुलीला तहान मारावी लागणार नाही.

मग करायचे काय? जिला गाडी येते तिने निम्मा रस्ता चालवावा आणि नवऱ्याने मागे बसावे. जिला येत नाही तिने शिकावे. तोवर निदान प्रत्येक थांब्यानंतर मुलांची पाळी कोणाची, हे निघण्याआधी ठरवावे. मोठ्या माणसांपैकी जो कोणी गाडी चालवत नाही, तो पाळीत आहे. मग तो काका असो की आजोबा.

खेळांना पैसे लागत नाहीत. मैलाचा दगड पिवळ्या माथ्याचा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा असला तर राज्य मार्ग. कोणता आधी दिसतो? एमएच ०७ सिंधुदुर्गची गाडी, ०८ रत्नागिरीची, ०९ कोल्हापूरची. पुढची नदी कोणती? महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. गाण्याच्या भेंड्या तर आहेतच. हे खेळ घ्यायला बाईच लागते, असे कुठे लिहिले आहे?

आणि कायदा काय म्हणतो, तेही पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन नसेल तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. म्हणजे मूल आईच्या मांडीवर सोडून दिले की आपली जबाबदारी संपली, असे कायदाही मानत नाही. मग घराने का मानावे?

मैत्रिणींनो, पुढच्या सुटीच्या आधी आपापल्या गटात हा विषय काढा. गेल्या प्रवासात कोणी काय काय केले, याची यादी करा आणि ती घरी मोठ्याने वाचून दाखवा. सुटी सगळ्यांची असेल, तर ती बाईलाही मिळाली पाहिजे.