सनद कोणाच्या नावे?

लवासाची सहल करून आलेली आमच्या धर्मग्रामातील मंडळी एक वाक्य हमखास बोलतात : ‘फादर, शहर असावे तर असे! ना नगरसेवक, ना मोर्चे. सगळा कारभार कंपनीचा.’ वाक्याच्या पूर्वार्धाशी आमचे भांडण नाही. वरसगाव धरणाच्या फुगवट्याकाठची ती रंगीत घरे देखणी आहेत, हे कोण नाकारील? भांडण आहे ते उत्तरार्धाशी. नगरसेवक नाही, हेच ज्या शहराचे भूषण, तेथे राहणारा माणूस कोण? नागरिक की गिऱ्हाईक?

इतिहास थोडक्यात असा. १९९६ मध्ये शासनाने गिरिस्थानांच्या विकासासाठी नियमावली केली. २००१ मध्ये मुळशी आणि तत्कालीन वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर झाला आणि २००८ मध्ये शासनाने खुद्द विकासक कंपनीलाच तेथील ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ नेमले. म्हणजे बांधणाराही तोच आणि बांधकामाला परवानगी देणाराही तोच. गावांची सनद अशी एका अधिसूचनेने बदलली. त्यासाठी कोणा ग्रामस्थाला मतपेटीपर्यंत जावे लागले नाही. ग्रामपंचायती कागदावर राहिल्या, पण घर कोठे उठावे आणि डोंगर कोठे कापावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हातून गेला. ज्या देशाने १९९३ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आणून ग्रामसभेला व नगरपालिकेला घटनेत मानाचे पान दिले, त्याच देशात हे घडले, ही गोष्ट आमच्या मते अत्यंत लाजिरवाणी आहे.

याविरुद्ध उभे राहिले ते कोण? मोसे खोऱ्यातील शेतकरी, कातकरी आणि त्यांच्या पाठीशी मेधा पाटकर व जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय. त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून हिणविण्यात आले. मुळशीला हे विशेषण नवे नाही. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हाही शहाणी माणसे त्यांना हेच सांगत होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला; वर्षभराने अटी घालून पहिल्या टप्प्यास मंजुरीही दिली. अखेर २०१७ मध्ये कंपनीचे नियोजनाचे अधिकार काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. तेही शासनाचे, लोकांनी थेट निवडलेले नव्हे. तरी आपले नकाशे आपणच मंजूर करण्याचा तो अजब प्रकार थांबला.

आमचे काही मित्र म्हणतील, नगरपालिकांनी तरी काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे. तुंबलेली गटारे आणि टक्केवारी आम्हीही पाहतो. जमशेदपुरात तर महापालिका नको, कंपनीचीच व्यवस्था बरी, असे तेथील अनेक रहिवासीच म्हणत आले. त्यांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. परंतु कंपनी चालते तोवर ठीक; ती बुडाली म्हणजे काय? लवासाच्या कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. आयुष्यभराची पुंजी घालून ज्यांनी तेथे घर घेतले होते, ते एका रात्रीत धनको झाले आणि बँकांच्या बरोबरीने न्यायाधिकरणात आपले दावे घेऊन उभे राहिले. नगरपालिका नादार झाली तरी मतदार मतदारच राहतो, नालायकांना घरी बसवू शकतो. कंपनीच्या गावात ही सोय नाही. संत पौलाने शिपायांच्या गराड्यात आपण तार्ससचे नागरिक आहोत, असे ठणकावले आणि बोलण्याची परवानगी मिळविली. तो ‘ग्राहक’ असता तर कोणी ऐकले असते?

आणखी एक गंमत. लवासाचा साज इटलीतील पोर्तोफिनो या बंदराच्या धर्तीवर चढविला आहे. ते पोर्तोफिनो वस्तीने आपल्या एखाद्या आळीएवढे असेल, पण त्याला स्वतःची पालिका आहे, लोकांनी निवडलेला महापौर आहे. आपण तेथून भिंतींचे रंग तेवढे आणले.

वसईकरांना हे सारे परके वाटू नये. ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ हे शब्द आपल्या कानांवर १९९० मध्येच पडले, सिडकोच्या रूपाने. त्या काळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने बावखले आणि बागायती वाचविण्यासाठी हजारोंना रस्त्यावर आणले. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा आमची ग्रामपंचायत आम्हांला ठेवू द्या, म्हणून गावे पुन्हा उठली. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि तो न्यायालयात वर्षानुवर्षे अडकून पडला. त्या मोर्चांत चाललेल्या आयाबायांची मुले आज लवासात नगरसेवक नाही म्हणून कौतुक करतात, हे आमच्या आकलनापलीकडचे आहे.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागविल्या गेल्या की ती नोटीस आम्ही चर्चच्या फलकावर लावतो. मिस्सानंतर तिच्यापुढे थांबणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेजारीच लग्नांच्या घोषणा असतात. तेथे मात्र गर्दी हटत नाही.