विक्रम घड्याळाचा, पदक डावपेचांचे

जुलै २०२२. अमेरिकेतील युजीन येथे जागतिक मैदानी स्पर्धेतील ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा सुपुत्र, सियाचीनमध्ये सेवा बजावलेला महार रेजिमेंटचा जवान अविनाश साबळे त्या शर्यतीत होता. सहाच आठवड्यांपूर्वी रबात येथे त्याने ८ मिनिटे १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. युजीनला मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने सुवर्ण जिंकले ते ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत, साबळेच्या विक्रमाहून तब्बल बारा सेकंद अधिक घेऊन! आणि साबळे? ८ मिनिटे ३१.७५ सेकंद, अकरावा.

घड्याळाकडे पाहून हे कोडे सुटणार नाही. विक्रमासाठी योजलेल्या शर्यतीत वेग ठरवून देणारा धावपटू पुढे सोडलेला असतो. अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो नसतो. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने शक्ती राखतात. सारे एकमेकांना जोखत रेंगाळतात आणि अखेरच्या फेरीत एकाएकी वणवा पेटतो. मायदेशी साबळेला तुल्यबळ प्रतिस्पर्धीच नव्हता. एकट्याने पुढे धावून आपलाच विक्रम मोडणाऱ्याला घोळक्यातली कोंडी फोडण्याचा सराव मिळणार कोठून?

दोष त्याचा नव्हे, आपल्या विक्रमपूजेचा आहे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत श्रीरामसिंह पहिल्या फेरीत आघाडीवर होते. त्या वेगाचा लाभ उठवून क्यूबाच्या ज्वांतोरेनाने विश्वविक्रमासह सुवर्ण नेले. श्रीरामसिंह सातवे आले. त्यांचा राष्ट्रीय विक्रम मात्र आपण ४२ वर्षे मिरवला. २०१८मध्ये जिन्सन जॉन्सनने तो मोडला आणि दोनच महिन्यांनी, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, या नव्या विक्रमवीराला अखेरच्या टप्प्यात मागे टाकून सुवर्ण पटकावले ते फारसे कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मनजितसिंहने.

अफजलखानाला जावळीच्या खोऱ्यात खेचून आणणाऱ्या शिवरायांच्या महाराष्ट्राला रणभूमीच्या निवडीचे मर्म सांगावे लागू नये. २०२३मध्ये हांगझो येथे साबळेने तेच केले. रेंगाळण्याची संधीच कोणाला न देता तो आरंभीच पुढे निघाला व आशियाई सुवर्ण घेऊन आला. परंतु जागतिक मैदानावर एवढ्याने भागत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा अकराव्या स्थानी राहिला. त्याच्या तोडीचे तीन-चार धावपटू एकाच शिबिरात घडवणे, मंद आरंभाच्या शर्यती मुद्दाम खेळवणे, पारितोषिके वेळेला नव्हे तर क्रमांकाला देणे, हे काम क्रीडा संघटनांचे आहे.