वजने उचला, पण व्हिडिओ बैलासारखा पारखून घ्या



या पानावर आम्ही एरवी उसावरची हुमणी, जनावरांची लाळ-खुरकत आणि माणसांचा रक्तदाब यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या आपल्या वाड्यावस्त्यांवर तरुण मुले माळ्यावर किंवा गोठ्याच्या पडवीत मोबाईल भिंतीला टेकवून ठेवतात आणि व्हिडिओत बघून वजने उचलतात. जोर-बैठकांवर त्यांचे भागत नाही, चाळीस-पन्नास किलोंची भारी कसरत चालते. मुले विचारतात, फादर, कोणता व्हिडिओ चांगला? त्यांचे वडील विचारतात, हे थेर हवेत कशाला? दोघांनाही एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. वजने जरूर उचलावीत. मात्र उचललेले वजन खाली कसे ठेवायचे, किती दिवसांनी किती वाढवायचे आणि कोठे थांबायचे हे जो व्हिडिओ सांगत नाही, तो शिकवणाऱ्याचे दंड कितीही भरलेले असोत, घरात चालू देऊ नये.

प्रथम वडिलांचा आक्षेप. दिवसभर रानात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, असे ते म्हणतात. आजोबांच्या काळी हे बोलणे शोभले असते. आज नांगरट ट्रॅक्टरने होते आणि मुलगा बांधापर्यंतसुद्धा मोटारसायकलने जातो. शिवाय शेतकाम अंग झिजवते तितके घडवते असे नाही. ऊस तोडणारा दिवसभर एकाच अंगाने वाकतो. फवारणी करणारा पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन सरी-वरंब्यातून चालतो. भांगलणारी बाई तासन्‌तास उकिडवी बसलेली असते. हे काम अंगाला विचारून वाढत नाही, पीक सांगेल तेवढे करावे लागते. व्यायामात वजन किती आणि वेळा किती हे आपण ठरवतो, म्हणून तो कामाच्या जागी येत नाही आणि काम त्याच्या जागी येत नाही. पण वडिलांचे एक म्हणणे आम्हांला मान्य आहे. गळीत हंगामात जो दिवसभर उसाच्या मोळ्या वाहतो, त्याने संध्याकाळी भारी वजनाला हात लावू नये. त्याच्या पाठीला त्या महिन्यांत झोप हवी असते. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी, उपवास असताना, वजने कोपऱ्यातच राहू द्यावीत. रविवारी सकाळी कसरतीला सुट्टी का द्यावी, हे आम्ही सांगायला नको.

संत पौलाने तिमथ्याला लिहिताना शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आणि भक्तीचा उपयोग सर्व बाबतींत, असे तारतम्य ठेवले आहे. पण त्या थोड्या उपयोगाला त्याने शून्य म्हटलेले नाही. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला 'बंधू गाढव' म्हणत, आणि त्याला फार कठोर वागवल्याबद्दल अखेरच्या दिवसांत त्यांनी त्याची क्षमा मागितली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. दावणीला जनावर असलेल्यांना यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

आता मुलांचा प्रश्न. भारी वजन म्हणजे किती? याचे उत्तर किलोत देता येत नाही. जे वजन शरीराची ठेवण न बिघडवता पाच-सहा वेळाच उचलता येते, ते त्या माणसाला भारी. धाकट्याला वीस किलो भारी असेल आणि थोरल्याला साठ हलके वाटेल. म्हणून पडद्यावरचा पहिलवान शंभर किलो उचलतो यावरून आपल्याला काहीच कळत नाही. आपण खोंड औताला धरतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला उसाच्या गाडीला जुंपतो का? आधी नुसते जू मानेवर ठेवून फिरवतो, मग हलके कोळपे, मग कुळव, आणि शेजारी मुरलेला बैल देतो. प्राचीन ग्रीक लोक क्रोटोनच्या मायलो नावाच्या मल्लाची कथा सांगत. तो एक वासरू रोज खांद्यावर उचलायचा, वासरू वाढत गेले तसे त्याचे बळ वाढले आणि शेवटी तो बैल उचलू लागला. कथा कथाच आहे, पण वासरू एका रात्रीत पाच किलो वाढत नाही एवढा धडा तिच्यात आहे.

बैलबाजारात आपण नुसते वशिंड बघून पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. व्हिडिओही तसाच चालवून बघावा. वजनाला हात लावण्याआधी तो एकदा बसून पूर्ण पाहा. शिकवणारा सुरुवातीला आठ-दहा मिनिटे हलके अंग मोकळे करून घेतो का? जमिनीवरून वजन उचलताना बाजूने दाखवतो का? समोरून पाठीचा कणा दिसतच नाही, आणि नेमके तेच बघायचे असते: पाठ सरळ, वजन पायांच्या जवळ, ताकद मांड्यांची. दोन पाळ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबायला सांगतो का? गाण्याच्या तालावर धापा टाकत भारी वजन उचलायला लावणारा व्हिडिओ करमणुकीचा समजावा. घाम काढण्यासाठी हलकी कसरत वेगळी आणि बळ वाढवण्यासाठी भारी कसरत वेगळी, हे ज्याला कळत नाही त्याच्या मागे जाऊ नये. पुढच्या आठवड्यात काय करायचे हे तो सांगतो का? रोज नवा चमत्कार दाखवणाऱ्यापेक्षा तेच चार-पाच प्रकार तीन महिने शिकवणारा कंटाळवाणा शिक्षक आम्ही पसंत करू. शेवटी तो पावडरीचा डबा विकत असेल, तर तो शिक्षक कमी आणि दुकानदार जास्त. भाषेचे म्हणाल तर सीमाभागात आपल्याला भाषेवरून भांडायची सवय आहे. पण सूचना नीट समजत असतील तर शिकवणारा कानडी की मराठी हा वाद येथे तरी नको.

इतके पारखूनही एक उणीव राहतेच. व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसत नाही. तालमीत वस्ताद काठी टेकत उभा असायचा. पोराची पाठ वाकली की काठी लागायची. ते काम घरात कोणीतरी केले पाहिजे. सोपा उपाय असा की भावाला किंवा बायकोला बाजूला उभे करून मोबाईलवर आपलेच चित्रण करून घ्यावे आणि शिकवणाऱ्याच्या चित्राशी ताडून बघावे. फरक दिसला तर वजन उतरवावे. एकट्याने बंद खोलीत उताणे पडून छातीवर लोखंडी दांडा घेण्याला मात्र आमचा साफ विरोध आहे. हात सुटला तर दांडा गळ्यावर येतो आणि हाक मारायलाही आवाज फुटत नाही. छातीसाठी जोर काढावेत. ते सोपे झाले तर पाठीवर वाळूची पिशवी ठेवून काढावेत.

प्रशिक्षक जवळ असतानाही इजा होते, हे आपल्या शेजारच्या सांगलीने पाहिले आहे. तेथील संकेत सरगर याने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. सुवर्ण एका किलोने हुकले, आणि त्याच स्पर्धेत वजन उचलताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या मुलाची ही गत, तर पंधरा दिवसांच्या शिकाऊ मुलाने किती जपावे?

सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांना वेगळे सांगणे आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आपल्या बऱ्याच मुलांचे डोळे तिकडे लागलेले असतात, आणि भरतीसाठी म्हणून ती भारी डंबेल्स विकत आणतात. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणे असते, आडव्या दांड्याला लटकून अंग वर खेचायचे असते (पूर्ण गुणांसाठी दहा वेळा), नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळायचा असतो. यात लोखंड कोठेच नाही. जे उचलायचे ते स्वतःचे अंग. अशा मुलाने धावण्याला आणि दांड्याला वेळ द्यावा, वजने आठवड्यातून दोनदा पुरेत. डंबेल्सचे पैसे चांगल्या बुटांना घालावेत.

ज्यांना हा विषय आपला वाटत नाही, त्या आमच्या माताभगिनींना तो सर्वांत लागू आहे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि न्हाणीत घसरण्याचे निमित्त होऊन खुबा मोडतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये अशा वयाच्या, हाडे विरळ झालेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, खरोखर भारी वजने उचलायला शिकवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढलेली आढळली. पण तेथे दर वेळी शिक्षक समोर उभा होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे सुरुवात पाटावर बसून-उठून करावी, मग हातात पाण्याची कळशी घेऊन. सुनेने सासूला आणि सासूने सुनेला बघावे. अंगण झाडण्याआधी दोघींनी बैठका काढल्या तर कोणी हसू नये. हसणाऱ्या पुरुषाला दहा बैठका काढायला लावाव्यात.

साहित्य विकत घेण्याची घाई नको. युरियाचे रिकामे पोते, वाळू आणि दोरी एवढ्यावर सहा महिने निघतात. मात्र २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोंचे असते, म्हणून तेच पोते वाळूने भरले की ४५ किलो झाले असे कोणी समजू नये. वाळू युरियापेक्षा बरीच जड असते. पोते काट्यावर तोलून घ्यावे आणि सुरुवातीला पाव भागच भरावे. खाण्याचेही तसेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, लिटरभर दुधात तीसच्या वर. ज्याच्या घरी भुईमूग, कोंबड्या आणि म्हैस आहे त्याने हजारोंचा डबा आणणे हा आम्हांला शेतकऱ्याचा अपमान वाटतो. सुईतून अंग फुगवणाऱ्या औषधांबद्दल तर बोलायलाच नको. ती हृदय, यकृत आणि पुरुषत्व तिन्हींवर उठतात.

एकदा पारखलेला व्हिडिओ वरचेवर बदलू नये. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडो या युरोपीय मल्लाची पुस्तके आणि साधने मागवली व सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने घरीच व्यायाम केला. शिक्षक समोर नसताना शिकण्याचा आपल्या भागातला हा जुना दाखला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि तीच त्यांची ओळख झाली. पण आपल्याला काय मानवते हे ठरवायला त्यांनी दहा वर्षे घेतली. आमची मुले दहा दिवसांत चार शिक्षक बदलतात.

आता थांबण्याच्या खुणा. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु कमरेतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या, जांघेत फुगवटा, छातीत दडपण किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर वजन तेथेच ठेवावे आणि डॉक्टरांकडे जावे. छातीत दडपण असेल तर त्याच क्षणी, सकाळची वाट न बघता. रक्तदाब असलेल्यांनी आणि हर्नियाचे ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये. पायात कळ उतरल्यावर हाडवैद्याकडे पाठ चोळून घेऊन पुन्हा पोत्याला हात घालणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना पुढची लावण दुसऱ्याच्या हातून करून घ्यावी लागली.