स्नायूंच्या मूळपेशी : विज्ञान किती, विक्री किती?

‘स्टेम सेलने स्नायू पुन्हा बळकट’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सर्रास दिसतात. त्या निव्वळ थापा नसतात, हीच खरी अडचण आहे.

आपल्या स्नायूंत मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, खरोखरच असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून बसलेल्या या पेशी दिसल्या. एरवी त्या निपचित असतात. तंतू तुटले की जाग्या होऊन विभागतात आणि तुटलेलं सांधतात. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात मात्र जनुकीय दोषामुळे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन बनत नाही. तंतू सतत तुटत राहतात, दुरुस्ती पुरी पडत नाही आणि स्नायूच्या जागी चरबी साचते. हा आजार बहुतेक करून मुलग्यांना होतो.

मग निरोगी माणसाच्या पेशी टोचल्या तर? १९९०च्या दशकात परदेशात हे करून पाहिलं गेलं. बहुतेक पेशी काही दिवसांतच मेल्या, उरलेल्या सुईच्या जागेपासून फारशा सरकल्या नाहीत. मुलांची ताकद काही वाढली नाही. स्वतःच्या पेशी वापराव्यात, तर त्यांतही तोच दोष. शिवाय स्नायू शरीरभर पसरलेले. सुया टोचायच्या तरी किती? घशाच्या छोट्या स्नायूंचं गणित वेगळं. गिळण्यात अडथळा आणणाऱ्या एका डिस्ट्रॉफीत फ्रान्समध्ये १२ रुग्णांवर स्वतःच्याच पेशींचा प्रयोग झाला, काहींचं गिळणं सुधारलं. आशा आहे ती अशा मर्यादित जागी.

आपल्याकडची अनेक केंद्रं तर अस्थिमज्जेतल्या किंवा पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचतात. त्या स्नायूंच्या मूळपेशी नव्हेतच! त्यासाठी शेत गहाण टाकायला निघालेले पालक आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा राग कोणावर काढावा कळत नाही. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : काही रक्तविकार वगळता मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी ‘पॅकेज’ सांगितलं, तर चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर पडताळून पाहा. चाचणीच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागितले, तर तिथून उठून या.

दरम्यान मुलाचं स्टिरॉइड तज्ज्ञाला न विचारता बंद करू नका. त्याने आजार बरा होत नाही, पण चालणं आणखी काही वर्षं टिकतं. फिजिओथेरपी आणि हृदयाची नियमित तपासणीही सुरू ठेवा.