चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

मित्रांनो, रस्त्यावरचा दिवा, शाळेतला बाक, पाण्याच्या टाकीवरचा पंप, हे सगळं कोण विकत घेतं? नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, असं तुम्ही म्हणाल. पण पैसे आपलेच, म्हणजे गिऱ्हाईकही आपणच. महाराष्ट्रात आज २९ महानगरपालिका आहेत. नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि हजारो ग्रामपंचायती वेगळ्याच. एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कुठलं असणार?

आणि हे गिऱ्हाईक खरेदी कशी करतं? अटीत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सगळ्यात कमी, काम त्याचं. याला 'एल-वन' म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या पुस्तकात 'टेंडर' म्हणजे कोवळं, मृदू असा अर्थ दिला होता. नगरपालिकेचं टेंडर मात्र अजिबात मृदू नसतं! ते फक्त एकच आकडा बघतं.

आता हा आकडा आपल्या भाषेत तपासून बघूया. समजा, पाणीपुरवठ्याचा एक पंप ३० किलोवॉट वीज खातो आणि रोज १६ तास चालतो. वर्षाची झाली १,७५,२०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर बिल १४ लाखांच्या घरात. दुसरा एक पंप तेवढंच पाणी १० टक्के कमी विजेत चढवतो, पण तो एक लाखाने महाग आहे. एल-वनच्या नियमाने तो बाद! खरं तर तो वर्षाला १ लाख ४० हजार रुपये वाचवतो, म्हणजे वरचा लाख नऊ महिन्यांच्या आत वसूल. पुढची सगळी वर्षं निव्वळ फायदा, शिवाय तेवढा कोळसा कमी जळणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने केली त्याला लाइफ सायकल कॉस्ट नक्की कळली होती.

पंपाचं बिल निदान दिसतं तरी. माणसांच्या बाबतीत तेही दिसत नाही. सफाईचं कंत्राट घ्या. झाडूची किंमत सगळ्यांना सारखीच, गाडीचं डिझेल सारखंच. मग एखादा ठेकेदार इतरांपेक्षा इतका कमी दर कसा भरतो? बहुतेक वेळा उत्तर एकच: मजुरी, प्रॉव्हिडंट फंड आणि हातमोजे यांत काटछाट. म्हणजे आपण जी 'बचत' म्हणतो ती कुणाच्या तरी पगारातून आलेली असते.

दुसरा प्रश्न अटींचा. टेंडर भरायला अमुक कोटींची उलाढाल हवी, एवढी बयाणा रक्कम हवी, तेवढ्या वर्षांचा अनुभव हवा. कागदावर दार सगळ्यांना उघडं, पण उंबरठाच डोक्याएवढा! अंगणवाडीच्या पोषण आहाराचं उदाहरण बघा. हा पुरवठा ठेकेदारांकडून न घेता शक्यतो बचत गट आणि महिला मंडळांकडून घ्यावा, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं होतं. तरीही आपल्या राज्याने २०१६ मध्ये अशा अटींची टेंडरं काढली की लहान बचत गटांना त्यांत जागाच उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. हे टेंडर राज्य सरकारचं होतं, पण धडा प्रत्येक पंचायतीने घ्यावा असा आहे.

वेगळं काही जमतच नाही असंही नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला आणि जे लोक आधी कुंडीत हात घालत होते ते घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागले. केंद्र सरकारच्या एलईडी योजनेत एकत्र आणि मोठी खरेदी केल्यामुळे ३१० रुपयांचा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. सरकारी गिऱ्हाईकाने ठरवलं तर बाजारच बदलतो, तो असा.

यावर लोक म्हणतात, एल-वन सोडलं तर साहेबांच्या मर्जीला मोकळं रान मिळेल, भ्रष्टाचार वाढेल. ही भीती खोटी नाही. पण एल-वन असूनही भ्रष्टाचार थांबलाय का? ई-टेंडर टाळायला कामाचे तुकडे पाडतातच ना? उपाय मर्जी वाढवण्यात नाही, सूत्र आधीच छापण्यात आहे. किंमत अधिक दहा वर्षांची वीज अधिक देखभाल, अशी बेरीज टेंडरमध्येच द्या. मग कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन निकाल तपासू शकेल. मजुरी किमान वेतनाच्या खाली जात असेल तर तो दर सरळ बाद करा. काम छोट्या भागांत द्यायचं असेल तर ते उघडपणे, कारण लिहून द्या. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये काही प्रकारच्या खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली आहे. म्हणजे नियमांचं दारही किलकिलं झालंय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नगरसेवकांना सांग, आम्हाला कशाला? कारण, मित्रांनो, टेंडरचं स्पेसिफिकेशन नगरसेवक लिहीत नाहीत. ते ज्युनिअर इंजिनिअर लिहितो. अंदाजपत्रक तोच करतो, मोजमाप पुस्तकावर सही त्याचीच असते. आपल्या वर्गातले कितीतरी जण आज एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेत, काही जण सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून कामांसाठी नोंदणी करतील. म्हणजे काही वर्षांनी टेबलाच्या या बाजूला नाहीतर त्या बाजूला आपणच असणार. तेव्हा जुन्या फायलीतलं स्पेसिफिकेशन कॉपी-पेस्ट करायचा मोह होईल, कारण त्यात कुणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी एकच ओळ जास्त लिहा: या वस्तूचा पूर्ण आयुष्यभराचा खर्च किती, आणि तो कोण भरणार?

तेवढी एक ओळ लिहायला चार वर्षांची डिग्री पुरेशी आहे.