समाधीच्या पायथ्याशी दडलेला इतिहास

सुलतानपूर (जि. बुलढाणा) - मेहकरहून जालन्याकडे जाणारा प्रवासी सुलतानपूर, बिबी मागे टाकून सिंदखेडराजाला थांबतो तो बहुधा राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानाच्या दर्शनासाठी. त्याच गावात जिजाऊंचे पिता लखुजीराजे जाधव यांची घुमटाकार समाधी उभी आहे. दर वर्षी १२ जानेवारीला जन्मस्थानी लोटणाऱ्या गर्दीच्या तुलनेत या वास्तूच्या वाट्याला येणारे लक्ष तोकडेच. जून २०२४ मध्ये मात्र या समाधीने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले.

समाधीच्या जतनाचे काम सुरू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळाच्या पथकाला काही दगड दिसले. उत्खनन पुढे नेल्यावर प्राचीन शिवमंदिराचा पाया उघड झाला. सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर आधी लक्ष्मीची आणि नंतर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. विष्णुमूर्तीची लांबी १.७० मीटर, तर उंची १ मीटर. क्लोराइट शिस्ट या दगडातील या शिल्पावर समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे. हा दगड आणि ही घडण दक्षिणेकडील शिल्पपरंपरेशी नाते सांगते, असे मत तेव्हा तज्ज्ञांनी मांडले होते.

या शोधाचा आनंद साहजिकच आहे. परंतु त्यातून उपस्थित होणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एकाच जागेवर दोन काळांचे अवशेष असतील, तर जपायचे कोणाला? एक वाट मंदिराच्या शोधात समाधीला दुय्यम ठरविण्याची आहे, तर दुसरी समाधीभोवती हिरवळ, फरसबंदी आणि दिवे लावून 'सुशोभीकरण' उरकण्याची. दोन्ही वाटा घातक आहेत.

१६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबाराने लखुजीराजांची पुत्र व नातवासह हत्या घडवून आणली. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. माहेरचा हा घाव सोसूनच जिजाऊंनी पुत्र वाढविला. त्यामुळे ही समाधी केवळ एका सरदाराचे स्मारक नाही. स्वराज्याच्या पूर्वपीठिकेची ती साक्षीदार आहे. हिंदू राजपुरुषाच्या स्मारकाला घुमटाची रचना लाभावी, हेही त्या काळच्या दख्खनी संस्कृतीचे बोलके उदाहरण होय.

जमिनीखालचे विसरले की काय होते, याचा धडा अमेरिकेतील शिकागो शहराने घेतला आहे. तेथील लिंकन पार्क हे उद्यान पूर्वी शहराचे कब्रस्तान होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील मृतदेह अन्यत्र हलविण्यात आले. १८५८ मध्ये बांधलेले हॉटेल व्यावसायिक इरा काउच यांचे दगडी थडगे मात्र आजही उद्यानात उभे आहे. कब्रस्तान हलविले म्हणजे सारे हलविले, ही समजूत १९९८ मध्ये खोटी ठरली. वाहनतळासाठी खोदकाम करताना तेथे पुन्हा मानवी अवशेष निघाले. जमिनीवर उरलेली एक वास्तू खालच्या इतिहासाची खूणगाठ असते, हाच त्याचा अर्थ.

सिंदखेडराजाला हा इशारा वेळीच मिळाला आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली आणि पुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरविले. ही मर्यादा बांधकामाला आवर घालते. पण जमिनीखाली काय आहे, हे शोधण्याचे काम शास्त्रीय पाहणीलाच करावे लागते. म्हणूनच रस्ता, बगीचा वा वाहनतळ यांसाठी या परिसरात कुदळ पडण्यापूर्वी अशी पाहणी व्हावयास हवी.

मूर्ती कोठे ठेवावी, हा मुद्दाही तितकाच नाजूक आहे. भविष्यात संग्रहालय उभारून ही शिल्पे मांडण्याची शक्यता पुरातत्त्व विभागाने तेव्हा बोलून दाखविली होती. ते संग्रहालय सिंदखेडराजातच झाले, तर समाधी, मंदिराचा पाया आणि मूर्ती यांचा परस्परसंबंध पाहणाऱ्याला जागेवरच उलगडेल. समृद्धी महामार्गाने हे गाव नागपूर-मुंबईच्या वाटेवर आणून ठेवले आहे. आता प्रवासी येतील. त्यांना दाखवायला इतिहास शाबूत राहिला पाहिजे.